बायकोला बेवफा म्हणणारं गाणं त्यानं लिहिलं, ते गाजलं आणि त्याचे निम्मे पैसे तिच्याच घरी गेले

साल १९५२. ऐन उन्हाळ्याचे दिवस. अमेरिकेतल्या नॅशव्हिलहून एक गाडी लुईझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टकडे निघाली होती. गाडीत २८ वर्षांचा, सहा फुटांहून उंच आणि काठीसारखा किडकिडीत गडी. शेजारी १९ वर्षांची बिली जीन. तिच्या आईवडिलांना भेटायचं आणि लग्नाचं कानावर घालायचं, असा बेत होता.

आता होणाऱ्या सासरी निघालेला माणूस गाडीत काय बोलेल? हा गडी बोलायला लागला तो पहिल्या बायकोबद्दल. तिनं कसं फसवलं, आपला संसार कसा मोडला आणि तिच्या त्या दगाबाज काळजाचा हिशोब तिला एक दिवस कसा चुकता करावा लागेल, हे सांगता सांगता त्याला त्यात गाणं दिसलं. त्यानं बिली जीनला लिहून घ्यायला सांगितलं. तो बोलत गेला, ती उतरवत गेली आणि काही मिनिटांत गाणं तयार झालं.

गाण्याचं नाव 'युअर चीटिन हार्ट' आणि गड्याचं नाव हँक विल्यम्स. अमेरिकेतल्या कंट्री म्युझिकचं हे सगळ्यात गाजलेलं प्रेमभंगाचं गाणं. पण पुढच्या सहा महिन्यांत काय घडलं आणि मागच्या नऊ वर्षांत काय घडलं होतं, हे कळलं की गाण्यातला बेवफा नेमका कोण, हा प्रश्न पडायला लागतो.

आधी कंट्री म्युझिक ही काय भानगड आहे ते बघू. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतले शेतमजूर, लाकूडतोडे, गिरणी कामगार, ट्रकवाले यांचं हे संगीत. गिटार, व्हायोलिनसारखं वाजणारं फिडल आणि मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी कांडी सरकवत वाजवायची स्टील गिटार. जुन्या हिंदी गाण्यांत हवाईयन गिटारचा तो विव्हळणारा सूर ऐकला असेल, तर ही त्याच घराण्यातली. गाण्यांचे विषयही साधे: दारू, देव, रेल्वे, आई आणि पळून गेलेली बायको. शहरातले लोक या संगीताला नाकं मुरडायचे. गाण्यांच्या याद्या छापणारं 'बिलबोर्ड' मासिकही अनेक वर्षं या गाण्यांना हिलबिली, म्हणजे थोडक्यात गावंढळ म्हणायचं. १९४९ मध्ये त्यांनी आपल्या याद्यांचं नाव कंट्री अँड वेस्टर्न केलं.

त्याच वर्षी हँक विल्यम्स स्टार झाला. तिथपर्यंत तो कसा पोचला, ते आता.

१७ सप्टेंबर १९२३ रोजी अलाबामा राज्यातल्या माउंट ऑलिव्ह नावाच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. नाव ठेवलं हायरम. जन्मतःच त्याच्या पाठीच्या कण्यात दोष होता. मणक्याचं हाड नीट जुळलेलं नव्हतं. आज हा दोष लहानपणी लक्षात येतो, तेव्हा खेड्यात कोण बघणार? पाठदुखी त्याला जन्मभर चिकटली आणि पुढच्या बऱ्याचशा गोष्टी या दुखण्यातून सुरू झाल्या.

बाप पहिल्या महायुद्धात लढून आलेला, लाकूड कंपनीच्या रेल्वेवर कामाला. १९३० मध्ये तो माजी सैनिकांच्या इस्पितळात दाखल झाला तो पुढची कितीतरी वर्षं तिथंच राहिला. घर चालवलं ते आई लिलीनं. बाई अंगानं थोराड आणि स्वभावानं त्याहून खमकी. तिनं खानावळीसकट खोल्या भाड्यानं देण्याचा धंदा मांडला आणि गावं बदलत बदलत पोरांना वाढवलं. पाठीमुळं अंगमेहनत न झेपणारा हा पोरगा शेंगदाणे विकायचा, बूट पॉलिश करायचा.

याच काळात त्याला गुरू भेटला. रुफस पेन हा रस्त्यावर गाणारा कृष्णवर्णीय कलाकार, लोक त्याला टी-टॉट म्हणायचे. तेव्हाच्या अलाबामात गोऱ्यांचे आणि काळ्यांचे नळही वेगळे होते. तिथं एक गोरा पोरगा रुफसच्या मागं मागं फिरून गिटार शिकत होता आणि शिकवणीच्या बदल्यात त्याला नाणी नाहीतर आईच्या हातचं जेवण मिळत होतं. ताल कसा धरायचा, ब्लूजचं दुःख गळ्यातून कसं काढायचं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला थांबवायचं कसं, हे सगळं हँक रुफसकडून शिकला. आपल्याला संगीताचं जे काही शिक्षण मिळालं ते एवढंच, असं त्यानं पुढं उघडपणे मान्य केलं. त्याला शेवटपर्यंत संगीताची नोटेशन वाचता येत नव्हती. रुफस मात्र १९३९ मध्ये माँटगोमेरीतल्या धर्मादाय इस्पितळात गरिबीत गेला. पोराचं नाव झालेलं त्याला बघायला मिळालं नाही.

चौदाव्या वर्षाच्या आसपास हायरमनं स्वतःचं नाव हँक करून घेतलं. कंट्री गायकाला शोभेल असं. माँटगोमेरीच्या डब्ल्यूएसएफए रेडिओ केंद्रावर त्याला गायला मिळू लागलं. त्यानं 'ड्रिफ्टिंग काउबॉइज' नावाचा बँड काढला आणि लिली त्याची मॅनेजर झाली. कार्यक्रम ठरवणं, गाडी चालवणं, दारात उभं राहून तिकिटाचे पैसे गोळा करणं, सगळं तीच बघायची. कार्यक्रम व्हायचे ते हाँकी-टाँकमध्ये, म्हणजे दारू, नाच आणि हाणामाऱ्या असलेल्या गुत्त्यांत. बाटली त्याच्या हातात मिसरूड फुटायच्या आधीच आली होती. इथं ती कायमची झाली.

आणि मग ऑड्री आली.

१९४३ साल. गावोगाव फिरून औषधं विकणाऱ्यांच्या गाड्या तेव्हा गर्दी जमवण्यासाठी गाणीबजावणी ठेवायच्या. अशाच एका कार्यक्रमात हँक गात होता. तिथं त्याची गाठ ऑड्री शेपर्डशी पडली. शेतकऱ्याची पोरगी, देखणी, धाडसी. तिचं आधी लग्न झालेलं, पदरात एक मुलगी, नवरा लांब. दोघांचं जमलं. डिसेंबर १९४४ मध्ये त्यांनी अँडलूसिया गावात चक्क एका पेट्रोल पंपावर लग्न केलं. तिथल्या कायद्यानं घटस्फोटानंतर साठ दिवस थांबायला लागायचं. ऑड्रीच्या घटस्फोटाला जेमतेम दहा दिवस झाले होते. म्हणजे कायद्याच्या काटेकोर नजरेनं बघितलं तर लग्नाचा पायाच कच्चा होता.

ऑड्रीबद्दल दोन गोष्टी सगळीकडं लिहिलेल्या सापडतात. एक म्हणजे तिला स्वतःला गायिका व्हायचं होतं आणि तिला गाता येत नव्हतं. दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. ती म्हणजे तिच्याशिवाय हँक माँटगोमेरीच्या गुत्त्यांतच राहिला असता. १९४६ मध्ये ती त्याला नॅशव्हिलला फ्रेड रोजकडं घेऊन गेली. फ्रेड रोज हा स्वतः मोठा गीतकार आणि 'ॲकफ-रोज' या संगीत प्रकाशन कंपनीचा भागीदार. त्यानं हँकची गाणी घेतली, पुढं त्यावर हात फिरवला, शब्द घासूनपुसून दिले आणि दारू सुटावी म्हणून जिवाचा आटापिटाही केला. १९४७ मध्ये एमजीएम कंपनीनं हँकशी करार केला आणि 'मूव्ह इट ऑन ओव्हर' हिट झालं. या गाण्याचा विषय काय? उशिरा घरी आलेल्या नवऱ्याला बायको दार उघडत नाही, मग तो कुत्र्याच्या खोपटात झोपायला जातो. घरातलं भांडण बाजारात विकलं जातं, हे हँकला पहिल्याच हिटमध्ये कळलं.

भांडणांना तोटा नव्हता. दोघांत हाणामारी व्हायची, त्यात सासू-सुनेचं कधी पटलं नाही. हँकच्या गळ्याचा मालक कोण, यावर लिली आणि ऑड्री यांचं युद्ध तो मेल्यावरही चालू राहिलं. १९४८ मध्ये ऑड्रीनं घटस्फोटाचा अर्ज केला, पण पुढच्याच वर्षी दोघं परत एकत्र आले आणि कोर्टाकडून तो निकाल रद्द करून घेतला. मे १९४९ मध्ये मुलगा झाला, तो हँक विल्यम्स ज्युनिअर.

त्याच वर्षी 'लव्हसिक ब्लूज' आलं. गंमत म्हणजे हे गाणं हँकचं नव्हतंच, १९२०च्या दशकातलं एक जुनं थिएटरचं गाणं होतं. फ्रेड रोजला ते अजिबात आवडलं नव्हतं. हँक हट्टाला पेटला आणि त्यानं ते रेकॉर्ड केलं. गाणं कंट्रीच्या यादीत १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. ११ जून १९४९ ला त्याला 'ग्रँड ओल ऑप्री'च्या मंचावर बोलावणं आलं. नॅशव्हिलहून दर शनिवारी रात्री देशभर ऐकला जाणारा हा रेडिओवरचा कार्यक्रम. कंट्री गायकासाठी तो मंच म्हणजे पंढरी. लोकांनी त्याला त्या रात्री परत परत गायला लावलं. सहा वेळा, असं ऑप्रीत अजून सांगतात.

पैसा आला. नॅशव्हिलच्या फ्रँकलिन रोडवर घर झालं, दारात कॅडिलॅक आल्या. भांडणंही तिथं राहायला आली.

१९५० च्या शेवटी ऑड्री इस्पितळात होती. तिनं घरीच गर्भपात करवून घेतला होता आणि त्यातून जंतुसंसर्ग झाला होता, असं हँकचे चरित्रकार सांगतात. हँक भेटायला गेला, तिला समजवायला गेला, तिनं त्याला झिडकारलं. घरी येऊन तो म्हणाला की हिचं काळीज थंडगार पडलंय. त्यातून 'कोल्ड, कोल्ड हार्ट' आलं. ऑड्रीला त्या दिवशी नवऱ्याचं तोंड का बघायचं नसेल, हा प्रश्न मात्र गाण्यात नाही. हँकच्या गाण्यांची हीच खुबी आहे आणि हीच लबाडीही. दुःख शंभर टक्के खरं, पण बाजू फक्त एकाच माणसाची.

या गाण्यानं एक मोठं काम केलं. फ्रेड रोजचा मुलगा वेस्ली हे गाणं घेऊन न्यूयॉर्कला कोलंबिया कंपनीच्या मिच मिलरकडं गेला. मिलरनं ते टोनी बेनेट या तरुण गायकाला दिलं. बेनेट इटालियन घरातला, पक्का न्यूयॉर्कर. हे असलं गाणं आपण का गावं, हे त्याला आधी कळेना. पण १९५१ मध्ये त्याच्या आवाजातलं 'कोल्ड, कोल्ड हार्ट' पॉपच्या यादीत एक नंबरला गेलं. पुढं बेनेट एक किस्सा आयुष्यभर रंगवून सांगायचा, की हँकनं त्याला फोन करून माझ्या गाण्याची वाट का लावलीस म्हणून झापलं होतं. अर्थातच गमतीत. कारण ज्युकबॉक्समध्ये नाणं टाकून बेनेटची रेकॉर्ड ऐकणं हँकला आवडायचं, असंही सांगतात. गावंढळ म्हणून हिणवलेलं गाणं शहरानं उचललं. लुई आर्मस्ट्राँगनंही ते गायलं. आणि पन्नास वर्षांनी, २००२ मध्ये, पंडित रविशंकर यांची मुलगी नोरा जोन्स हिनं आपल्या पहिल्याच अल्बममध्ये तेच गाणं घेतलं. त्या अल्बमला ग्रॅमी मिळाला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हँक विल्यम्सचं गाणं नोराच्या आवाजात ऐकलेलं असेल आणि त्याचं नावही माहीत नसेल.

इथं रॉयल्टीचं गणित समजून घ्यायला हवं, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे. रेकॉर्ड विकली की गायकाला वाटा मिळतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गाणं लिहिणाऱ्याला त्याहून वेगळा वाटा असतो आणि तो कोणीही गायलं तरी मिळतो. बेनेटनं गायलं तरी हँकला पैसे, आर्मस्ट्राँगनं गायलं तरी हँकला पैसे. गायक म्हातारा होतो, मरतो, पण गाणं चालू राहिलं की मीटरही चालू.

१९५१ च्या शरद ऋतूत हँक शिकारीला गेला असताना पडला. आधीच कमकुवत असलेल्या पाठीनं हाय खाल्ली. डिसेंबरमध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट इस्पितळात मणक्याचं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं नाही. दारूच्या जोडीला आता मॉर्फिन आलं. त्याच वेळी ऑड्रीनं कायमचं वेगळं व्हायचं ठरवलं. १९५२ च्या मध्याला घटस्फोट झाला. ऑड्रीला घर मिळालं, मुलाचा ताबा मिळाला आणि हँकच्या इथून पुढच्या रॉयल्टीचा निम्मा हिस्सा मिळाला. अट एकच होती, तिनं दुसरं लग्न करायचं नाही.

हँकनं हे मान्य केलं. पैशाचं त्याला फारसं कळत नव्हतं म्हणून, की ती कधीतरी परत येईल अशी आशा होती म्हणून, यावर त्याच्या चाहत्यांत अजून वाद चालतात. मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं. नवरा मरेपर्यंत लग्न करू नकोस अशी अट घालणारा माणूस हिशोब करत नसतो, वाट बघत असतो.

ऑगस्ट १९५२ मध्ये ऑप्रीनं त्याला काढून टाकलं. कार्यक्रमाला दारू पिऊन येणं, कधी न येणंच, हे सहन होईना. त्याच दिवसांत त्याचं 'जांबालाया' यादीत वर वर चढत होतं, सप्टेंबरमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणजे देशातलं एक नंबरचं कंट्री गाणं ज्याचं, त्यालाच कंट्रीच्या सगळ्यात मोठ्या मंचावर जागा नव्हती. तो परत श्रीव्हपोर्टच्या 'लुईझियाना हेराइड' या जुन्या रेडिओ कार्यक्रमाकडं वळला, जिथून चार वर्षांपूर्वी तो वर गेला होता.

आता सुरुवातीच्या त्या गाडीकडं परत बघा. हँक पहिल्या बायकोच्या दगाबाज काळजावर गाणं सांगतोय. शेजारी होणारी दुसरी बायको ते लिहून घेतेय. आणि त्याच वेळी नॅशव्हिलमधली बॉबी जेट नावाची तिसरीच बाई त्याच्या मुलाची आई होणार आहे. ऑक्टोबरमध्ये त्यानं बॉबीसोबत बाळाच्या जबाबदारीचा करारही केला. तीन दिवसांनी त्याचं बिली जीनशी लग्न होतं. ऑड्रीही काही साध्वी नव्हती, दोघांनीही एकमेकांना फसवल्याचे दाखले आहेत. पण गाणं ज्याच्या हातात, गोष्ट त्याची.

२३ सप्टेंबर १९५२ रोजी नॅशव्हिलच्या ट्युलेन हॉटेलमधल्या कॅसल स्टुडिओत हँक उभा राहिला. एका बैठकीत चार गाणी झाली. साथीला त्याचा जुना सोबती डॉन हेल्म्स स्टील गिटारवर आणि पुढं स्वतः दंतकथा झालेला चेट ॲटकिन्स गिटारवर. चार गाण्यांतलं एक म्हणजे 'युअर चीटिन हार्ट'.

कधी ऐकलं नसेल तर जरूर ऐका, तीनच मिनिटांचं आहे. सुरुवातीला हेल्म्सची स्टील गिटार विव्हळत खाली उतरते आणि मग हँकचा आवाज येतो. शब्द एवढे सोपे की शाळेतल्या पोराला कळावेत. तो रागावत नाही, शिवी देत नाही. फक्त सांगतो की आज तू निवांत आहेस, पण एक रात्र अशी येईल की तुला झोप लागणार नाही, मी आठवेन आणि तू रडशील. पेटीवर पेटी रचलेली इतकी प्रेमभंगाची गाणी जगात आहेत, पण बहुतेक गाण्यांत गाणारा रडत असतो. इथं तो समोरच्याच्या रडण्याची वाट बघतोय. गावाकडच्या भाषेत सांगायचं तर हे गाणं कमी आणि तळतळाट जास्त. आणि तरीही ऐकताना कळत राहतं की रात्री झोप उडालेला माणूस दुसरा तिसरा कोणी नाही, हाच आहे.

ही त्याची शेवटची रेकॉर्डिंग ठरली.

१८ ऑक्टोबरला त्यानं बिली जीनशी लुईझियानात लग्न केलं आणि दुसऱ्या दिवशी न्यू ऑर्लिन्सच्या सभागृहात, तिकिटं लावून, हजारो लोकांसमोर आणखी दोनदा केलं. दुपारी एक, संध्याकाळी एक. तीनदा लागूनही हे लग्न पक्कं नव्हतं, कारण बिली जीनचा आधीचा घटस्फोट त्यानंतर अकरा दिवसांनी कायदेशीर झाला. पहिल्या लग्नासारखीच गत.

तब्येत कोसळत होती. मदतीला आला टोबी मार्शल नावाचा डॉक्टर, जो डॉक्टर नव्हता. त्यानं पदवीचा कागद विकत घेतलेला होता. दारू सोडवतो म्हणून तो हँकला क्लोरल हायड्रेट नावाचं जबरदस्त गुंगीचं औषध देत होता. दारूवर हे औषध म्हणजे आगीत रॉकेल.

नववर्षाचे दोन कार्यक्रम ठरले होते. ३१ डिसेंबरला वेस्ट व्हर्जिनियातलं चार्ल्सटन आणि १ जानेवारीला ओहायोतलं कँटन. हँकनं गाडी चालवायला एका कॉलेजच्या मुलाला घेतलं आणि ३० डिसेंबरला माँटगोमेरी सोडलं. वाटेत बर्फ, वादळ. चार्ल्सटनचा कार्यक्रम हुकला. नॉक्सव्हिलच्या हॉटेलात हँकला उचक्या लागल्या, तिथल्या डॉक्टरनं बी-१२ आणि मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं. हॉटेलच्या हमालांनी त्याला उचलून कॅडिलॅकच्या मागच्या सीटवर ठेवलं. कँटन गाठायचं म्हणून पोरगा रात्रभर गाडी हाणत राहिला. पहाटे वेस्ट व्हर्जिनियातल्या ओक हिल गावाजवळ त्यानं मागं हात लावून बघितला, तर शरीर गार पडलेलं.

हँक २९ वर्षांचा होता. कारण नोंदवलं गेलं, हृदय बंद पडणं. त्या वेळी बाजारात असलेल्या त्याच्या ताज्या रेकॉर्डचं नाव होतं 'आय विल नेव्हर गेट आउट ऑफ धिस वर्ल्ड अलाइव्ह'. जगातून जिवंत सुटका नाही, या अर्थाचं ते गमतीचं गाणं होतं. महिन्याभरात ते पहिल्या क्रमांकावर गेलं. कँटनच्या मंचावर बातमी सांगितली तेव्हा काही लोक आधी हसले, त्यांना वाटलं हँकनं परत दांडी मारली. मग त्याच्या सहकलाकारांनी पडद्यामागून त्याचंच भजन 'आय सॉ द लाइट' सुरू केलं आणि प्रेक्षकही गाऊ लागले.

४ जानेवारीला माँटगोमेरीत अंत्ययात्रा निघाली. सभागृहात पावणेतीन हजार माणसं मावली, बाहेर त्याच्या कितीतरी पट उभी होती. वरच्या गॅलरीत कृष्णवर्णीय लोकांसाठी वेगळी जागा ठेवलेली, तिथं दोनशे जण आले होते. रुफस पेनचा शिष्य गेला होता. दोन दिवसांनी, ६ जानेवारीला, बॉबी जेटला मुलगी झाली. तिला आधी लिलीनं वाढवलं, लिली वारल्यावर ती दत्तक गेली. आपला बाप कोण हे तिला मोठेपणी कळलं आणि ती हँकची मुलगी असल्याचं कोर्टानं १९८० च्या दशकात मान्य केलं. ती आज जेट विल्यम्स या नावानं गायिका म्हणून ओळखली जाते.

जानेवारी संपता संपता एमजीएमनं नवी रेकॉर्ड आणली. मुख्य बाजूला 'कॉ-लायगा' हे दुकानासमोरच्या लाकडी पुतळ्याच्या अबोल प्रेमाचं गाणं. 'युअर चीटिन हार्ट' होतं मागच्या बाजूला. दोन्ही बाजू पहिल्या क्रमांकावर गेल्या. मागच्या बाजूचं गाणं तिथं सहा आठवडे राहिलं. त्याच वर्षी जोनी जेम्स या गायिकेनं ते पॉपमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं. १९६२ मध्ये रे चार्ल्सनं गायलं. ज्या रे चार्ल्सनं काळ्यांच्या संगीताला नवी दिशा दिली, त्यानं रुफस पेनच्या शिष्याचं गाणं परत आपल्याकडं नेलं, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

आणि प्रत्येक वेळी मीटर फिरत होतं. करारानुसार निम्मी रॉयल्टी ऑड्रीची. ती बेवफा आहे असं लोक जितक्या वेळा ऐकत, तितका तिचा हिस्सा वाढत होता.

बिली जीनचं काय झालं? गाणं जिनं कागदावर उतरवलं, ती हँकची अधिकृत विधवा होती. लिली आणि ऑड्री, ज्यांचं आयुष्यात एकमेकींशी पटलं नाही, त्या या एका मुद्द्यावर एक झाल्या. १९५३ मध्ये बिली जीननं ३० हजार डॉलर घेऊन हक्क सोडला. त्याच वर्षी तिनं जॉनी हॉर्टन या गायकाशी लग्न केलं. तोही १९६० मध्ये मोटार अपघातात गेला. पुढं १९७० च्या दशकात ती परत कोर्टात उभी राहिली, हँकची कायदेशीर पत्नी आपणच होतो हे तिनं सिद्ध केलं आणि गाण्यांच्या हक्कांच्या नूतनीकरणात वाटा मिळवला.

ऑड्रीनं दुसरं लग्न केलं नाही. ती हँकची विधवा म्हणून वावरली, त्याच्या नावावर कार्यक्रम काढले, आठ वर्षांच्या मुलाला बापाचे कपडे घालून बापाची गाणी म्हणायला मंचावर उभं केलं. १९६४ मध्ये हँकच्या आयुष्यावर हॉलिवूडनं सिनेमा काढला. जॉर्ज हॅमिल्टन हँक झाला, पडद्यामागचा आवाज पंधरा वर्षांच्या हँक ज्युनिअरचा होता. सिनेमाची सल्लागार होती ऑड्री. साहजिकच पडद्यावरची ऑड्री भलतीच समजूतदार निघाली आणि टी-टॉटची गोष्टही पाहिजे तशी वळवली गेली. सिनेमाचं नाव मात्र 'युअर चीटिन हार्ट' हेच ठेवलं. २०१५ मध्ये आणखी एक सिनेमा आला, त्यात मार्व्हलचा लोकी म्हणून आपल्याला माहीत असलेला टॉम हिडलस्टन हँक झाला होता. हँकला २०१० मध्ये पुलित्झरनं मरणोत्तर विशेष सन्मानही दिला. नोटेशन वाचता न येणाऱ्या माणसाला.

हँक ज्युनिअर मोठा झाल्यावर बापाची नक्कल करायला कंटाळला, आईशी त्याचे खटके उडाले आणि त्यानं स्वतःची वेगळी वाट काढली. ऑड्रीच्या मागं दारू लागली, गोळ्या लागल्या, कराची थकबाकी लागली. ४ नोव्हेंबर १९७५ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, फ्रँकलिन रोडच्या त्याच घरात ती वारली. तिला माँटगोमेरीला नेऊन हँकच्या शेजारी पुरलं. आजही चाहते तिथं जातात, हँकच्या दगडासमोर उभे राहून फोनवर त्याचं ते गाणं लावतात आणि ते ऐकायला शेजारी ऑड्री असतेच.